मागील बाजूस लिहावे

५ मे २०२५

काल तेरावा झाला. आज सकाळच्या गाडीने उदगीरची मंडळी गेली. लेक वर्षाली कालच माण गावातल्या तिच्या फ्लॅटवर गेली, ऑफिसला फार सुट्ट्या झाल्या म्हणून. शनिवारी येते म्हणाली.

मी डायरी नोकरीला लागल्यापासून लिहितो, पण तिच्यात शिफ्ट, किती पीस तपासले, किती रिजेक्ट, एवढंच असायचं. निवृत्तीनंतर गॅस कधी आला आणि वीज कधी गेली. शकू म्हणायची, "हिच्यात माझं नाव कधी येतं का हो?" मी म्हणायचो, तू रिजेक्ट झालीस की येईल. २२ एप्रिलच्या पानावर तिचं नाव आहे. नाव आणि वेळ. आज पान उलटताना ती थट्टा आठवली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या दिवशी तिला घरी आणायच्या आधी मी एकटा पुढे आलो होतो. तेव्हा फ्रिजवरचं चेकशीट काढलं आणि घडी करून या डायरीच्या मागच्या कप्प्यात घातलं. चार लोहचुंबक फ्रिजवर तसेच राहिले. तेराव्याच्या गर्दीत वर्षालीने विचारलं, "बाबा, इथे कायतरी कागद होता ना?" मी म्हणालो, वीजबिल.

७ मे

चेकशीटबद्दल नीट लिहितो, नाहीतर मीच पुढे वेगळं सांगायला लागेन.

जानेवारीत शकूला बीपी निघालं. डॉक्टरांनी एक गोळी दिली. म्हणाले, मीठ कमी करा, महिन्याने रक्त तपासून घ्या. त्याच्या आधीच्या वर्षी मुतखडा झाला तेव्हा सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या. कमी आणि भरपूर. ही मापं नव्हेत. मी आधी पिंपरीत आणि मग चाकणला चौतीस वर्षं गिअर तपासले. ड्रॉइंगवर कोणी "कमी" लिहिलं असतं तर ते ड्रॉइंग मी परत पाठवलं असतं. इथे परत पाठवलं नाही. आकडे मीच घातले. मीठ शून्य. पाणी तीन लिटर, म्हणजे पंधरा पेले. महिन्याने बीपी १२८/८० आलं. आकडा मर्यादेत आहे, मग रक्त कशाला, म्हणून ते राहू दिलं.

कागद कंपनीच्या नमुन्यावरच केला. तारीख, पेले, मीठ नाही, तिची टिक, माझी सही. तळाला कंपनीतली ओळही तशीच उतरवली : काही वेगळे आढळल्यास मागील बाजूस लिहावे. शकू म्हणाली, "अहो, मी काय गिअर आहे का?" मी म्हणालो, गिअर ऐकतात. ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून टिक करायला लागली. पेन हरवायला नको म्हणून दोऱ्याने फ्रिजच्या मुठीला बांधलं, ते तिनेच.

स्वयंपाक एकच व्हायचा, आळणी. मी माझ्या ताटात वरून मीठ घ्यायचो. तिच्या समोर बसून.

८ एप्रिलला ऊन वाढलं म्हणून नवा कागद लावला. चार लिटर, वीस पेले. २० तारखेला सकाळी तिला उलट्या झाल्या आणि बोलताना शब्द चुकायला लागले. मला वाटलं ऊन लागलं. मी आणखी दोन पेले पाणी दिलं, मान धरून. दुपारी फिटचा झटका आला.

हॉस्पिटलात सोडियम १०९ निघालं. १३५ ते १४५ हवं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "पाणी किती प्यायच्या?" मी म्हणालो, नेहमीसारखं. त्यांनी तसं लिहून घेतलं. पूर्ण नोकरीत मी खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं.

८ मे

खालच्या मजल्यावरच्या मंजुळाबाई भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. त्यांचं गाव राजगुरुनगरकडचं, शेत गेल्यावर लेकाच्या नोकरीमागे इकडे आल्या. शकूची दुपार त्यांच्याकडेच जायची.

म्हणाल्या, "गुणाची बाई हो. म्या कैरी चिरली, मीठ-तिखट लावलं, म्हनलं खा की गं एक फोड, उद्धवभाऊ काय खिडकीतून बघत्यात व्हय? तर न्हाई म्हनली. कागदावर टिक करायची हाय, खोटी कशी करू म्हनली." आणि डोळ्याला पदर लावला.

मला पिठलं गेलं नाही. त्यांना वाटलं तिखट झालं.

१० मे

वर्षाली आली. जेवताना मोबाईल हातात, घास तसाच. मध्येच म्हणाली, "बाबा, आई पाणी किती प्यायची? म्हणजे शेवटी शेवटी?"

मी म्हणालो, पीत होती.

"वाढवलं होतं का?"

मी ताट उचलून मोरीत ठेवलं. तिला काहीतरी कळलं आहे. हॉस्पिटलची फाईल मागत होती, मी उद्या शोधतो म्हणालो. फाईल माझ्या कपाटात आहे.

ती झोपल्यावर घर शांत होतं, पण मला तिच्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाली असेल.

१२ मे

फाईलमध्ये लिहिलं आहे, मेंदूला सूज. त्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं होतं, "रक्तातलं मीठ पातळ झालं, त्यामुळे पेशींत पाणी शिरलं." पाणी शिरलं म्हणजे कुठून, हे मला कळलं नव्हतं. गिअरमध्ये पाणी शिरत नाही.

माळ्यावरून वर्षालीचं अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक काढलं. इंग्रजीत आहे. ती दहावीपर्यंत मराठीत शिकली, म्हणून समासात पेन्सिलने मराठी शब्द लिहिलेत. प्रत्येक पेशीभोवती एक पटल असतं. जाडी साडेसात नॅनोमीटर. मी आयुष्यात मोजलं ते लहानात लहान एक मायक्रॉन. एका मायक्रॉनमध्ये अशी सव्वाशेहून जास्त पटलं मावतील. हिशेब दोनदा केला.

ते स्निग्ध पदार्थाच्या दोन थरांचं असतं. त्या कणांचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात, म्हणून शेपट्या आत लपवून ते समोरासमोर उभे राहतात. वेल्डिंग नाही, बोल्ट नाही, डिंकसुद्धा नाही. कण जागेवर स्थिरही नसतात, थरात सरकत असतात. असं असून पटल टिकतं. मी हे पान तीन वेळा वाचलं. कंपनीत कोणी असं डिझाइन आणलं असतं तर आम्ही हसलो असतो.

पुस्तकातल्या चित्राखाली वर्षालीने लिहिलंय, "आईने पाठ घेतलं." तेव्हा ती मोठ्याने म्हणायची आणि शकू पुस्तक धरून बसायची. शकूला इंग्रजी येत नव्हतं. ती वर्षालीचं तोंड बघून सांगायची, अडलीस बघ, पुन्हा म्हण.

१३ मे

पटल निवड करतं. काय आत घ्यायचं, काय नाही. मिठाचा कण विद्युतभारित असतो, त्याला तो तेलकट भाग ओलांडता येत नाही. त्याच्यासाठी प्रथिनांची वेगळी दारं, बहुतेक वेळ बंद. शिवाय एक पंप आहे. तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. अंगाच्या ऊर्जेचा मोठा वाटा नुसता यावर जातो. माणूस झोपला तरी हा पंप चालू. शकू सत्तावन्न वर्षांची होती. सत्तावन्न वर्षं एकदाही शटडाउन नाही.

पाण्याचं तसं नाही. पाण्याला रस्ता असतोच. आणि पाणी नेहमी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे जातं. याला परासरण म्हणतात. बाहेर मीठ कमी झालं की पाणी आत. पटल त्याला विचारत नाही.

गोळीचा कागदही वाचला. गोळी लघवीतून मीठ काढते. म्हणजे ती खालून काढत होती आणि मी वरून बंद केलं होतं.

१४ मे

खात्री करायला ट्रायल घेतली. एका बटाट्याच्या सहा कांड्या कापल्या, व्हर्नियरने मोजून प्रत्येकी ५०.० मिमी. तीन साध्या पाण्यात, तीन दाट मिठाच्या पाण्यात. सकाळी नऊला ठेवल्या.

मंजुळाबाई ताक द्यायला आल्या. "उद्धवभाऊ, बटाटं कशाला मोजताय? बाजारात फसवलं का काय?"

मी म्हणालो, प्रयोग आहे.

"ह्या वयात? बरं हाय. कायतरी करा, पर जेवा."

तीन वाजता रीडिंग घेतलं. साधं पाणी : ५१.८, ५१.६, ५१.९. कांड्या ताठ, वाकवली की कट्कन मोडते. मिठाचं पाणी : ४६.९, ४७.२, ४६.८. बोटावर चिंधीसारख्या लोंबतात.

बरोबर आहे. पुस्तकात आहे तसंच.

१५ मे

एक मुद्दा राहिला होता. बटाटा फुगला पण फुटला नाही. पुढच्या पानावर कारण आहे. वनस्पतीच्या पेशीला पटलाच्या बाहेर भिंत असते, ती फुगणं अडवते. माणसाच्या पेशीला भिंत नसते. नुसतं पटल.

बाकी अंगात पेशी थोडी फुगली तर जागा असते. कवटी बंद असते. तिथे टॉलरन्स नाही.

पाण्यातल्या कांड्या दिवसभर ओट्यावर होत्या. टाकवेनात.

१८ मे

काल वर्षाली आली होती, आज दुपारी गेली. पुन्हा तोच प्रश्न, वेगळ्या शब्दांत. "बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही माझं ऐकून काही बदललं होतं का?" मी म्हणालो, तुझं काय ऐकायचं, तू आठवड्याने येणार. तिला मी तुटक बोललो. पण तिने एकदा सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून मी तिला सरळ विचारू देत नाही.

ती गेल्यावर स्वयंपाकघर शोधलं. डाळीचे डबे, पिठाच्या डब्याचा तळ, देवघरामागची फळी, तिच्या साड्यांचं कपाट. मला लोणच्याची एखादी बाटली सापडायला हवी होती. पापड, खारे दाणे, काहीही. शकूने मला फसवलेलं असायला हवं होतं. तेहेतीस वर्षांत एवढी एक गोष्ट मी तिच्याकडे मागतो आहे.

काही सापडलं नाही. मिठाच्या बरणीवर मार्करची रेघ आहे. फेब्रुवारीत मीच मारली होती, माझं मीठ किती लागतं ते कळावं म्हणून. तिला काय वाटलं असेल ते मी विचारलं नव्हतं.

२१ मे

न राहवून खाली गेलो. मंजुळाबाई शेवया वाळत घालत होत्या. मी दारातच विचारलं, शकू तुमच्याकडे कधी खारट खायची का. खरं सांगा.

त्यांनी हातातल्या शेवया ठेवल्या. "का हो भाऊ?"

मी सांगितलं. मिठामुळे गेली. म्हणजे मीठ नसल्यामुळे. मी बंद केलं होतं. एवढंच सांगितलं, पण ते पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

त्यांनी पदराला हात पुसले, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खायची की."

"काय खायची?"

"लोनचं. रोज दुपारी. लिंबाचं, चांगली दोन-दोन फोडी. आन् खारवलेल्या मिरच्या. म्हनायची, ह्यांना सांगू नका." शेवया पुन्हा उचलून म्हणाल्या, "तुमी उगा जिवाला लावून घेऊ नका. त्या मिठानं न्हाई गेली ती. तिची वेळ झाली हुती."

मी विचारलं, मग कैरी नको का म्हणाली?

"कैरी आंबट. दात आंबत्यात तिचे."

हे बरोबर वाटतं. शकूचे दात खरंच आंबायचे. त्या दिवशी मंजुळाबाई दुःखात होत्या, लोणच्याचं सांगायचं राहिलं असेल.

आज दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२२ मे

महिना झाला. देवापुढे दिवा लावला. रोज दोन फोडी लिंबाच्या लोणच्याच्या. म्हणजे दोन ग्रॅम मीठ तरी गेलं असेल, मिरच्या वेगळ्या. तिने मला छान फसवलं. हसू आलं.

२४ मे

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

वर्षाली सकाळी आली. चेहरा उतरलेला. चहा ठेवला होता, तो उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग माझ्यासमोर मोबाईल धरला. "हे वाचा."

तिनेच मला पाठवलेला मेसेज होता. ११ एप्रिल. "बाबा ऊन खूप आहे. आईला एक लिटर पाणी वाढवा. इथे ऑफिसात सगळे सांगतात." खाली माझं उत्तर, "ठीक आहे."

"तुम्ही वाढवलंत ना? मी नेटवर सगळं वाचलं. सोडियम कशाने उतरतं ते. दोन आठवडे विचारतेय तुम्हाला, तुम्ही विषय बदलता. मला वाचवायला बदलता, कळतं मला." तिचा आवाज फुटला. "मीच वाढवलं बाबा. मीच मारलं आईला."

मला आधी ती काय म्हणते तेच कळलं नाही. मी समजत होतो ती माझी चूक शोधते आहे.

मंजुळाबाईंचं लोणचं सांगता आलं असतं. तोंडाशी आलं होतं. पण लोणच्याने मिठाचं उत्तर मिळालं असतं, पाण्याचं नाही. ती पाण्याचं धरून बसली होती. आणि पाण्याचा पुरावा माझ्याकडे एकच होता.

मी डायरी आणली. मागच्या कप्प्यातून कागद काढून तिच्यासमोर उलगडला. वर उजव्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात, सुधारणा, दिनांक ८ एप्रिल, चार लिटर. तिला दाखवलं. तुझा मेसेज अकराचा. हा कागद आठचा. तू सांगायच्या आधीच झालं होतं. तुला "ठीक आहे" म्हणालो कारण बदलायचं काही उरलंच नव्हतं. पाणी माझं. मीठही माझं. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं.

ती कागदाकडे बघत राहिली. बारा दिवस, वीस-वीस पेले, टिका एका रांगेत. खाली रोज माझी सही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. अडली तर मला कळायला हवं होतं.

तिने कागद उलटा केला.

मी तो कधी उलटा केला नव्हता. चुंबकाने लावलेला असायचा. संध्याकाळी टिका मोजायच्या आणि सही करायची. काढताना घडी घातली तीसुद्धा न बघता.

मागे शकूचं अक्षर आहे. बारीक, तारखेवार. मी लिहायला सांगितलं होतं तसं.

१० एप्रिल. मंजुळाबाईने कैरी दिली. खाल्ली नाही.

१२ एप्रिल. मंजुळाबाई लोणचे घे म्हणाली. घेतले नाही.

१३ एप्रिल. डोके जड.

१५ एप्रिल. जेवण नको वाटते. पाणी पूर्ण.

१६ एप्रिल. कुकरच्या शिट्ट्या मोजताना विसरले. दोनदा.

१७ एप्रिल. पाय लटपटतात.

१८ एप्रिल. मळमळ. काल पायाचे लिहिले होते. खाली यांची सही आहे, म्हणजे हरकत नसेल.

१९ एप्रिल. अक्षर वाकडे येते. पाणी पूर्ण.

वर्षालीने वाचून दाखवलं नाही. मी चष्मा शोधत होतो तोवर तिने तिचा हात कागदावर ठेवला होता. मी म्हणालो, काढ. तिने काढला.

नंतर ती बराच वेळ गॅलरीत उभी होती. मला वाटलं निघून जाईल. ती आत आली, ओट्यावरचा सांडलेला चहा पुसला आणि दुसरा ठेवला. दोन कप.

२६ मे

वर्षालीने सुट्टी घेतली. दोघं हॉस्पिटलात गेलो. तेच तरुण डॉक्टर होते. मी कागद दोन्ही बाजूंनी दाखवला आणि म्हणालो, माझं रीडिंग चुकीचं होतं, दुरुस्त करा. ते म्हणाले, "काका, आमचे उपचार तेच राहिले असते." मी म्हणालो, तरी लिहा. त्यांनी लिहिलं, चार लिटर, आळणी आहार. मागची बाजू त्यांनी दोनदा वाचली. १३ तारखेवर बोट ठेवलं, काहीतरी बोलणार होते, मग वर्षालीकडे बघून थांबले. मी पुढचं विचारलं नाही. मला ते माहीत आहे.

येताना जिन्यात मंजुळाबाई भेटल्या. "बरं हाय ना आता, भाऊ?"

मी म्हणालो, बरं आहे. तुमचं लोणचं चांगलं असतं म्हणायची शकू.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. वर्षालीने माझा दंड धरला, वर येईपर्यंत सोडला नाही.

वर्षालीने वरण-भात केला. मीठ घातलेला. मला वाढला, मग स्वतःला. आम्ही जेवलो.

मग कागद टेबलावर घेतला. शकूच्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या, एकेक, बोट ठेवून. मागच्या बाजूला सहीची जागा नाही, कारण मी ती आखलीच नव्हती. १९ एप्रिलच्या ओळीखाली थोडी जागा होती. तिथे सही केली आणि आजची तारीख घातली.